वारुळावरची अळंबी पेंढ्यावर का येत नाही? ती नेमकं खाते काय?

खोऱ्यातला:
नमस्कार मंडळी. आमचं घर कुडाळ तालुक्यात, माणगाव खोऱ्यात. घरामागच्या काजूच्या बागेत एक जुनं वारूळ आहे. पाऊस लागून जरा उघडीप मिळाली की त्याच्या भोवती अळंबी उगवते. लांब देठ, मधे टोक असलेली छत्री, आणि उपटायला गेलं की खाली मुळासारखं काहीतरी खोल जातच राहतं. आजी ओलं खोबरं वाटून तिचं सुकं करते. बाजारात भाव विचारायची सोय नाही.

हिवाळ्यापासून मी पडवीत धिंगरीच्या, म्हणजे ऑयस्टर अळंबीच्या, थोड्या पिशव्या लावतोय, भाताच्या पेंढ्यावर. ती छान येते. मग साहजिकच डोक्यात आलं की हीच रीत वारुळाच्या अळंबीला का लावू नये? शेजारच्या काकांनी मागच्या वर्षी बांध घालताना वारूळ फुटलं तेव्हा आतला तपकिरी स्पंजासारखा गड्डा घरी आणून ओल्या गोणपाटात ठेवला होता. आठवड्याभरात त्यावर अळंबी सोडाच, काळ्या काड्या उगवल्या. त्या कुठून आल्या?

दुसरं, खताच्या दुकानात एकाने सांगितलं की धिंगरीच्या पेंढ्यात थोडा युरिया टाक, दुप्पट निघेल. खरं आहे का? झाड नाही, पान नाही, मूळ नाही, तर हे प्रकरण जेवतं कसं, हेच मला कळलेलं नाही. आणि पडवीत उजेड कमी आहे, त्याने फरक पडतो का?

गडचिरोलीकर:
आमच्याकडे वारुळाजवळच्या ह्या भाजीला सात्या म्हणतात. श्रावणात टोपलीभर सात्या घेऊन बाया रस्त्याच्या कडेला बसल्या की गाड्या थांबतात. लहानपणापासून ऐकलं आहे की वीज कडाडली की सात्या निघतात. लावून उगवलेल्या मात्र कोणाकडे पाहिल्या नाहीत. मातीतच काही असेल असं वाटते. जाणकारांनी सांगावं.

बियाणेवाली:
खोऱ्यातला, युरियाची पिशवी आधी बाजूला ठेवा, मग बोलू.

मी सावंतवाडीजवळ अळंबीचं बियाणं करते, म्हणजे स्पॉन. गहू नाहीतर ज्वारी अर्धवट शिजवायची, निर्जंतुक करायची, तिच्यावर बुरशी वाढवायची आणि विकायची. रोज कुणाचा तरी फोन असतो, "ताई, खत कुठलं देऊ?" आता खत हा झाडाचा हिशेब आहे. झाड उन्हावर स्वतःची साखर स्वतः करतं, खतातून फक्त नत्र, स्फुरद, पालाश उचलतं. बुरशीजवळ हरितद्रव्यच नाही. तिला साखर आयती लागते, तुम्हाआम्हाला लागते तशी. फरक इतकाच की आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. ती आधी पचवते आणि मग गिळते.

पिशवीत जे पांढरं जाळं पसरतं ना, तीच खरी बुरशी. आपण खातो ती छत्री म्हणजे तिचं फळ, चार दिवसांचं. जाळ्यातला एकेक धागा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक असतो. तो वाढतो फक्त टोकाशी आणि पाचक रस, म्हणजे विकरं, बाहेर टाकतो तीही मुख्यतः त्या वाढत्या टोकाशीच. भाताच्या पेंढ्यात साधारण ३५ ते ४० टक्के सेल्युलोज असतं. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच लांबच लांब साखळ्या. हा ऐवज एवढा मोठा की धाग्याच्या भिंतीतून आत जाणार नाही. म्हणून विकरं बाहेरच साखळ्या तोडतात, सुटलेलं ग्लुकोज ओलाव्यात विरघळतं आणि धागा ते आत घेतो. तेही फुकट होत नाही. धाग्याच्या पटलावर पंप असतात. ते ऊर्जा खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलतात. ते प्रोटॉन परत आत शिरताना साखर आणि अमिनो आम्लं सोबत घेऊन येतात.

पेंढा मुठीत दाबला तर हाताला ओल लागली पाहिजे, पण पाणी गळता कामा नये, असं आम्ही सांगतो ते ह्याचसाठी. कोरड्यात विकरं पोचत नाहीत आणि साखर परत येत नाही. फार ओला ठेवलात तर हवा कोंडते आणि पिशवीला नाल्याचा वास येतो.

आता पेंढा काय नुसता सेल्युलोजचा नसतो. त्याच्याभोवती लिग्निन असतं, ते पेंढ्याला ताठपणा देतं आणि भल्याभल्यांना पचत नाही. गुरांच्या पोटातही ते तसंच राहतं. धिंगरीचं कौतुक इथेच आहे. लॅकेज, मँगनीज पेरॉक्सिडेज अशी विकरं सोडून ती लिग्निन फोडते. महिन्या-दीड महिन्यानंतर पेंढा फिका आणि ठिसूळ होतो, बोटाने मोडतो, पाहिलं असेलच. सगळ्या बुरशांना हे जमत नाही. काही लिग्निनला बगल देऊन सेल्युलोज तेवढं खातात. मग लाकूड तपकिरी होतं आणि चौकोनी चिरा पडून तडकतं. जुन्या घराचा पावसाने भिजलेला वासा असा झालेला कोकणात सगळ्यांनी पाहिलाय, फक्त दोष वाळवीला दिलाय.

हिशेबाचं बोलू. १ किलो सुक्या पेंढ्यावर ६००-८०० ग्रॅम ताजी धिंगरी निघाली तर मी चांगलं म्हणते. त्यातलं ९० टक्के पाणी. मग एवढा पेंढा गेला कुठे? बराचसा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेला. बुरशी आपल्यासारखीच श्वास घेते. खोली कोंदट ठेवली की देठ लांबतात आणि छत्र्या बारक्या राहतात, ते ह्या वायूमुळे. उजेडाशी जेवणाचा काहीही संबंध नाही. कोंब धरायच्या वेळी थोडा उजेड लागतो तो खूण म्हणून, आता बाहेर आलो हे कळायला. पडवीतला आडोशाचा उजेड पुरे.

युरिया. बुरशीला नत्र लागतं, ते नाकारत नाही. पेंढ्यात ते फार कमी असतं आणि धिंगरीने तेवढ्यात भागवायची सवय लावून घेतली आहे. वरून नत्र ओतलंत तर ते धिंगरीआधी इतरांना आवडतं. उंच, बारीक देठाच्या राखाडी छत्र्या येतात आणि दिवसभरात वितळून काळी शाई होतात. हिरवी बुरशी येते. जास्त उत्पन्न हवं असेल तर सोयाबीनचा भुसा मिळतो का पाहा, त्यात मुळातच नत्र जास्त असतं. पेंढ्यात गव्हाचा कोंडा मिसळणारेही आहेत, पण मग उकळत्या पाण्याची आंघोळ पुरत नाही, वाफेवर नीट निर्जंतुक करावं लागतं. नवीन माणसाने त्यात पडू नये.

वारुळाचं रात्री लिहिते. चुलीवर पिंप आहे.

गडचिरोलीकर:
सोयाबीनचं कुटार आमच्याकडे ढिगाने पडून असते. ताई, वारुळाचं लवकर लिहा.

बियाणेवाली:
लिहिते.

काकांनी आणलेला तपकिरी गड्डा म्हणजे वाळवीची शेती. ही अळंबी शास्त्रात टर्मिटोमायसिस. हे नाव फ्रेंच बुरशीतज्ज्ञ रोजे हाइम यांनी १९४२ साली दिलं. वारुळात बुरशी असते हे मात्र त्याच्या खूप आधी, १७७९ मध्ये, योहान ग्येरहार्ड क्योनिग यांनी लिहून ठेवलं होतं. तेही आपल्याच देशात बसून, तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला. तिथे तेव्हा डेन्मार्कची वखार होती.

वाळवी लाकूड खाते म्हणतो, पण वारूळवाल्या ह्या वाळवीच्या पोटात लाकूड पचवणारे आदिजीव नसतात. इतर बऱ्याच वाळव्यांच्या पोटात ते असतात. हिने पचवायचं काम बाहेर दिलंय. कामकरी सुकी पानं, काड्या, गवत, शेण चावून घरी आणतात. ते पोटातून घाईघाईने जातं आणि अर्धकच्चं बाहेर पडतं, तेच थापून थापून तो गड्डा रचलेला असतो. अक्रोडाच्या गरासारखा वळ्यावळ्यांचा दिसतो बघा. बुरशीचे बीजाणूही त्याच विष्ठेतून नव्या थरात पेरले जातात. मग बुरशी तिचं ते नेहमीचं काम करते, विकरं सोडते, लिग्निन-सेल्युलोज मोडते, साखर आत घेते, वाढते. गड्ड्यावर एक-दोन मिलिमीटरचे पांढरे दाणे धरतात. ते वाळवी खाते, त्यातले बीजाणू तिच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि पुढच्या थरात जातात. जुना, मऊ पडलेला गड्डा खालून खाल्ला जातो, वरून नवा चढत राहतो.

म्हणजे प्रश्न "ही अळंबी काय खाते" इतकाच नाही, "तिला कोण वाढतं" हाही आहे. तिला पेंढा चालत नाही असं नाही. तिला चावलेला, वाळवीच्या पोटातून आलेला, सतत ताजा थर मिळणारा पेंढा लागतो, आणि साधारण ३० अंशांच्या आसपासची, दमट, बंद खोली. शिवाय शेजारी कोणी नको, हे सगळ्यात महत्त्वाचं. काकांच्या काळ्या काड्या म्हणजे झायलेरिया नावाची दुसरी बुरशी. ती बाहेरून आलेली नाही. ती गड्ड्यात आधीपासून दबून असते. वाळवी आत असते तोवर तिला डोकं वर काढू देत नाही. वाळवी गेली की काही दिवसांत तिचं राज्य. रिकाम्या वारुळात हेच होतं.

प्रयोगशाळेत आगारच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीच्या, बशीवर टर्मिटोमायसिसचे धागे वाढतात, मंदगतीने का होईना. पण धिंगरीसारखी पिशव्यांतून व्यापारी शेती बसलेली नाही. वाळवी आणि बुरशी हे लग्न आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी लागलं. त्यातल्या एकीला पडवीत आणून नांदवणं माझ्या तरी आवाक्यातलं नाही. कुणी "जंगली अळंबीचं स्पॉन" म्हणून विकत असेल तर पैसे खिशात ठेवा. ते धिंगरीचं निघेल, नाहीतर कशाचंच नाही.

आणि देठाखालचं ते लांब मूळ: ते मूळ नाही, जमिनीखालच्या गड्ड्यापासून वर येण्यासाठी छत्रीने केलेला रस्ता आहे. सोबत हेही ध्यानात ठेवा की वारुळाजवळ उगवलं म्हणजे खाण्याजोगंच असं नाही. आजीने ओळखलेलं खा. फोटो पाठवून मला विचारू नका, मी सांगणार नाही.

पेडण्याचो:
ताईंनी मस्त लिहिलंय. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि ही रोयणीची अळमी. पावसाळ्यात रस्त्यावर पानात बांधून विकतात, शाकुती करायला लोक वाट बघत असतात. दर ऐकून मात्र जीव जातो. गोवा विद्यापीठातले डॉ. नंदकुमार कामत यांनी ह्या अळंब्यांवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि ओरबाडून काढू नका म्हणून सतत लिहिलं. अभयारण्यांतून काढायला मनाई आहे ती वेगळीच. माझा प्रश्न: आपण फक्त फळ खातो, धागे तर जमिनीत राहतात. मग सगळी काढली तर बिघडलं कुठे? आंबे काढल्याने आंब्याचं झाड मरत नाही.

बियाणेवाली:
त्या वारुळाचं खरंच फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या वारुळांचं.

पहिल्या पावसात दिव्यावर पंखवाले किडे झेपावतात, ती वाळवीची वरात. त्यातली एखादी जोडी जमिनीत शिरून नवं घर मांडते. पण बहुतेक जातींत ही जोडी माहेरून बुरशी घेऊन येत नाही. त्यांची पहिली पोरं मोठी होऊन चारा आणायला बाहेर पडतात आणि पालापाचोळ्यासोबत बीजाणूही घरी आणतात. हे बीजाणू उघडलेल्या छत्र्यांतून पडलेले असतात. सगळ्या छत्र्या कळीतच खुडल्या तर त्या पोरांना आणायला काय राहिलं? बुरशी नाही म्हणजे जेवण नाही, म्हणजे ते घर बसलं. म्हणून वारुळामागे काही छत्र्या पूर्ण उघडून कुजू द्याव्यात. चवीलाही कळीच बरी असते, उघडलेल्या सोडल्याचं दुःख होऊ नये. वारूळ खणू तर अजिबातच नये.

खोऱ्यातला:
हे ठाऊक नव्हतं. आजी दोन-चार "देवाला" म्हणून सोडतेच, तिला आता कारण सांगतो. ती म्हणेल मला माहीतच होतं.

अजून एक. धिंगरी मांसाहारी असते असा एक व्हिडिओ फिरतोय. आमच्याकडे श्रावण पाळतात, घरात वाद पेटलाय.

बियाणेवाली:
वाद पेटू दे, व्हिडिओ खरा आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या थॉर्न आणि बॅरन यांनी १९८४ साली हे दाखवलं. लाकडात आणि पेंढ्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूत्रकृमी असतात. धिंगरीच्या धाग्यांवर विषाच्या इवल्या कुप्या असतात. सूत्रकृमी तिथे घासली की काही मिनिटांत लुळी पडते, मग धागे तिच्या तोंडातून आत शिरतात आणि तिला आतून पचवतात. विष कुठलं ते तैवानच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये शोधलं: ३-ऑक्टॅनोन. कारण तेच, लाकडात नत्राची टंचाई. साखर भरपूर आणि प्रथिनं जवळपास शून्य, म्हणून शिकार. तुमच्या उकळलेल्या पेंढ्यात सूत्रकृमी उरत नाहीत, तेव्हा तुमची धिंगरी सक्तीने शाकाहारी आहे असं घरी सांगा.

शिकारीवरून आठवलं. उसाच्या पट्ट्यात हुमणीवर मेटारायझियम सोडतात ना, तीही बुरशीच, जेवायची रीत तीच. बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, विकरांनी कातडी विरघळवतो, आत शिरून रक्तातली साखर खातो. भातावरचा करपा, तीही बुरशीच, तर आणखी पुढे जातो. पानावर तो एक गोल कोश तयार करतो, त्यात ग्लिसरॉल साठवून वातावरणाच्या सुमारे ८० पट दाब आणतो आणि त्या जोरावर पानाला भोक पाडतो. आपण फवारणीचा पंप हवा भरून कुठवर नेतो ते आठवा.

गडचिरोलीकर:
वारुळाचं समजलं. पण आमच्याकडून बस्तर जवळ. तिथे जून महिन्यात बोडा निघतो, गोल, मातीच्या रंगाचा, आत पांढरा. तो फक्त सालाच्या झाडाखाली मिळते, वारूळ असो नसो. तो कोणाचं खाते?

बियाणेवाली:
तो सालाचं खातो, पण चोरून नाही, मोबदला देऊन.

बोड्याचे धागे सालाच्या बारीक मुळ्यांभोवती आवरण घालतात आणि मुळीच्या पेशींच्या मधल्या फटींत शिरतात. झाड त्यांना पानात केलेली साखर देतं. बदल्यात धागे झाडासाठी मातीतलं स्फुरद, नत्र आणि पाणी गोळा करून आणतात. मुळी जिथे शिरू शकत नाही अशा फटींत हे धागे शिरतात, त्यामुळे झाडाचा पल्ला कित्येक पटींनी वाढतो. ह्या भागीदारीला मायकोरायझा हे नाव जर्मनीच्या आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ मध्ये दिलं. झाडं आपण बनवलेल्या अन्नातला काही भाग, काही वेळा पाचव्या हिश्शापर्यंत, ह्या भागीदाराला देतात. बोड्याला लाकूड फोडायची फारशी गरजच राहिली नाही. म्हणून पेंढा, भुसा, कुटार काहीही दिलं तरी तो त्याच्याकडे बघणार नाही. साल तोडला की बोडा संपला.

दुकानात व्हॅम म्हणून पुडी मिळते ती ह्याच्या लांबच्या भावाची. तो मुळीच्या पेशीच्या आत शिरतो आणि झुडपासारख्या फांद्या काढतो, देवघेव तिथे होते. भात, काजू, आंबा, कांदा, बहुतेक पिकांना तोच लागतो. मात्र मोहरी आणि कोबीच्या कुळाला तो चालत नाही, तिथे पुडीचे पैसे वाया. आणि स्फुरदाचं खत भरपूर टाकलेल्या जमिनीत झाडच त्याला विचारेनासं होतं.

खोऱ्यातला:
ताई, शेवटचं. माझ्या पिशव्यांतून तीन वेळा काढून झालं, आता बारके बारके कोंब येतायत. उरलेल्या पेंढ्याचं काय करू? घरात दोन म्हशी आहेत.

बियाणेवाली:
चौथ्या काढणीची वाट बघू नका, पेंढ्यात सोपं अन्न उरलेलं नाही आणि माश्या वाढतात. पेंढा कसा भिजवला होतात त्यावर ठरतं. नुसत्या गरम पाण्यातून काढला असेल तर म्हशींना सुरुवातीला थोडा थोडा नेहमीच्या वैरणीत मिसळून द्या. लिग्निन मोडलेलं असल्यामुळे तो त्यांना मूळ पेंढ्यापेक्षा बरा पचू शकतो. हिरवे-काळे डाग पडलेला भाग काढून टाका, प्लास्टिकचा तुकडा राहता कामा नये. कार्बेन्डाझिम-फॉर्मालिन ह्या बुरशी मारणाऱ्या औषधांच्या पाण्यात भिजवला असेल तर म्हशींच्या जवळपासही नको. तो काजूच्या अळ्यात घाला.